वरचा मासा, खालचा मासा

मी जन्मात मासा खाल्लेला नाही. आमचं इतवारीतलं किराणा दुकानदाराचं घर. अंड्यांची गाडी गल्लीतून गेली तरी आई खिडकी लावून घ्यायची. असं असूनही रोहू आमिषाला तोंड कसं लावतो, शिंगाळा दोरी कुठे ओढून नेतो आणि मरळ किती मिनिटांनी पाण्यावर येते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. लग्नाच्या पंगतीत या माहितीचा काही उपयोग होत नाही. ज्यांनी ती दिली त्यांच्या शेजारी मी कंपनीच्या बसमध्ये पाच वर्षं बसले, आणि तेही ती सीट दुसऱ्या कोणाला नको होती म्हणून.

बुटीबोरीच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात मी लॅबमध्ये केमिस्ट म्हणून नवीन लागले होते. बस सकाळी सव्वासहाला बेसा चौकात येई. पहिल्या दिवशी भरलेल्या बसमध्ये एकच जागा रिकामी दिसली, एका सुकड्या, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांजवळ. बसले आणि ती रिकामी का होती ते कळलं. हिंग, आंबलेली कणिक, तिळाची ढेप म्हणजे पेंड आणि त्याखाली काहीतरी ओलसर, असा तो वास होता. त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढून घेतली आणि म्हणाले, "दोन दिवस वास येते मॅडम, मंग येत नाई." तिसऱ्या दिवसापासून खरोखरच येईनासा झाला. आईला मात्र माझ्या ओढणीला येऊ लागला.

त्यांना सगळे काकाजी म्हणत. कापड रंगवून झाल्यावर जे निळं-काळं पाणी उरतं, ते साफ करून नाल्यात सोडायचं, हे त्यांचं खातं. कंपनीत त्या जागेला ईटीपी म्हणत. काकाजी 'पान्याचा दवाखाना' म्हणत. गाव वेणा नदीच्या काठचं, घरी थोडी शेती भावाकडे, आणि हे लहानपणापासून नदीवर. गळाला आमच्याकडे गरी म्हणतात. गरी टाकणं हा त्यांचा छंद होता असं लोक सांगत, पण ते बरोबर नाही. नोकरी हा त्यांचा छंद होता. काकू एकदा बस थांब्यावर भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "या मानसाचं लगन नदीसंग लागलं वं. मी नुसती वऱ्हाडात आली."

पिशवीत दोन डबे असत, अगदी सारखे. एकात काकूंनी दिलेली भाजी-पोळी, दुसऱ्यात आमिष: ढेप, गूळ, हिंग आणि कणिक एकत्र मळून लिंबाएवढे वळलेले गोळे, वरून तीळ लावलेले. पर्सोनेलचे साहेब पुण्याकडून नवे आले होते. थंडीचे दिवस, साहेब नाश्ता न करता बसमध्ये चढलेले, आणि काकाजींनी गोळे मोजायला नेमका तो डबा उघडलेला. साहेबांनी "तिळाचे का? वा," म्हणत हात घातला आणि दोन खाल्ले. अख्खी बस गप्प होती. "छान आहेत, फक्त हिंग जरा जास्त झालाय," साहेब म्हणाले. काकाजींनी गंभीरपणे मान हलवली. "शिंगाळाबी असंच म्हनते साहेब. रोहूले आवडते." साहेबांना खरा प्रकार दुपारी कँटीनमध्ये कळला. त्यानंतर ते स्वतःच्या मोटारसायकलने यायला लागले.

या साहेबांशी त्यांचं रजेच्या अर्जावरूनही वाजे. अर्जात 'कारण' असा रकाना असतो. जग तिथे 'घरगुती काम' लिहितं. काकाजी लिहीत, 'मरळ लागण्याचा संभव.' साहेबांनी अर्ज तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा बोलावून घेतलं आणि समजावलं, "अहो, घरगुती काम लिहा ना, कोण बघायला येतंय?" काकाजी म्हणाले, "पन घरी मरळ नाई ना साहेब." मग रजा बिनपगारी झाली. कारण मात्र कायम राहिलं.

मला हा माणूस आधी विक्षिप्त वाटला, मग हट्टी, मग पुन्हा विक्षिप्त. यापलीकडे फार विचार मी केला नसता, पण आमचा बुधवार एकत्र होता.

दर बुधवारी मला नदीचं पाणी तपासायला आणावं लागे. कंपनीचा नाला वेणेला जिथे मिळतो तिथून शंभर पावलं वर एक बाटली भरायची आणि शंभर पावलं खाली एक. एकीवर चिठ्ठी 'वर', दुसरीवर 'खाली'. सोबत पिकअप गाडी, ड्रायव्हर आणि काकाजी, कारण काट्याकुट्यातली वाट त्यांनाच ठाऊक. दोन बाटल्या भरायला दहा मिनिटं पुरतात. काकाजींनी मला पहिल्याच बुधवारी सांगितलं की पाऊण तास लागतो. "पानी जरा बसू द्या लागते मॅडम." बाटलीतलं की नदीतलं, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. तोवर गाडीच्या टपावर बांधलेली वेळूची लांबलचक काठी खाली आली होती.

कंपनीच्या फाटकाच्या आत मी मॅडम होते. फाटकाबाहेर गाडी पडली की 'बाई' होई.

करंजाच्या सावलीत एक सपाट दगड होता, त्यावर ते बसत. डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट, पाय पाण्यात. दोरीला तरंगायला मोराच्या पिसाची दांडी. ती पांढरी दांडी पाण्यावर उभी राहिली की त्यांचं बोलणं खालच्या पट्टीत येई आणि माझी शिकवणी सुरू होई. दांडी थरथरली तर रोहू, तो तोंड लावून पाहत असतो, घाई करायची नाही. आडवी पडून सरकायला लागली तर शिंगाळा. आणि काही न सांगता सरळ पाण्यात गेली तर मरळ. "मरळ पुसत नाई," ते म्हणत. उन्हाळ्यात मासा दुपारी खोल डोहात सावलीला जातो, संध्याकाळी उथळ पाण्यात चरायला येतो. पाऊस पडून पाणी गढूळ झालं की कणिक बंद, गांडूळ सुरू. श्रावणाच्या आसपास पाण्यावर लाल पिल्लांचा गोळा फिरताना दिसला की त्याच्याखाली मरळ नर-मादी राखण करत असतात. तेव्हा त्या डोहावर काठी टाकायची नाही, आणि दुसरा टाकत असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही.

गरीच्या टोकाला एक उलटा काटा असतो, मासा निसटू नये म्हणून. काकाजी तो काटा कानशीने घासून सपाट करून टाकत. मी विचारलं, "अशानं मासा सुटत नाही का?"

"सुटते ना."

"मग?"

"सुटायची सोय असली पाह्यजे बाई. नाई त मंग जाळंच टाकावं."

त्यांचा सगळ्यात विचित्र नियम वेगळाच होता. नाल्याच्या वरच्या अंगाला लागलेला मासा ते घरी नेत. काकू अंगणात वेगळी चूल मांडून तो रांधत आणि काकाजी दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याचं वर्णन करून माझा डबा बेचव करत. पण नाल्याच्या खालच्या अंगाला कितीही मोठा मासा लागला तरी तो हलक्या हाताने सोडवून परत पाण्यात. ड्रायव्हर हळहळायचा.

"वरचा मासा आपला," काकाजी म्हणत. "खालचा कंपनीचा."

"कंपनीचा कसा?"

"आपन जे सोडलं त्यावर पोसलेला. त्याले खाल्लं त आपलंच आपन खाल्लं."

"मग खाली गरी टाकता कशाला?"

"कोन कोन जित्तं हाय थे पाहाले."

एका मे महिन्यात डोहाचं पाणी खाली गेलं होतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा पाणी फुटत होतं. मी बोट दाखवलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "मोजा." पाणी फुटलं, मी मोजायला लागले, आणि साडेतीन मिनिटांनी तिथेच पुन्हा फुटलं.

"मरळ हाय. दम घ्याले येते. तिचं आपल्यासारखं हाय बाई, राह्यते पान्यात पन हवा वरून घेते. म्हून गटारात टाका, डबक्यात टाका, मरत नाई. रोहूचं तसं नाई. त्याले पान्यातच हवा पाह्यजे. पानी बिघडलं का पयला थो जाते." मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "हे कोनाले सांगू नका. लोक डोहावर घड्याळ घेऊन बसतीन."

मी सांगणार कोणाला? इतवारीत?

आता टाकीविषयी सांगते. ईटीपीच्या अगदी शेवटी, साफ झालेलं पाणी बाहेर पडतं तिथे, आमच्याकडे काचेची एक मोठी टाकी होती. तेच पाणी तिच्यातून वाहत जाई आणि तिच्यात मासे असत. तपासणीला सरकारकडून कोणी आलं की त्यांना तिथे नेऊन दाखवायचं: पाहा, आमच्या पाण्यात मासे जगतात. काही ठिकाणी दुकानातून रंगीत मासे आणून टाकतात. काकाजी वेणेच्या वरच्या अंगाला त्या बिनकाट्याच्या गरीने वीतभर रोहू धरत आणि ओल्या पोत्याखाली झाकलेल्या डब्यातून आणून सोडत. शिफ्ट सुरू झाली की आधी मीटर न पाहता टाकीसमोर दोन मिनिटं हात मागे बांधून उभे राहत. "मीटर झोपते मॅडम. माशाले पापन्याच नाई." मग ईटीपीच्या जाडजूड नोंदवहीत सगळे आकडे भरून शेवटी 'शेरा' या रकान्यात लिहीत: 'वारा पश्चिमेचा. फेस कमी. चारही मासे तळाशी.' मासे तळाशी म्हणजे पाणी ठीक. माझ्या प्रयोगशाळेचा अहवाल दुपारी तेच सांगे, जरा जास्त शब्दांत.

मग एका एप्रिलमध्ये मोठी ऑर्डर आली. रंगाई तीन पाळ्यांत सुरू झाली, आणि पाण्यात हवा भरणाऱ्या दोन ब्लोअरपैकी एक बंद पडला. तो दुरुस्त करायला प्लांट थांबवावा लागला असता, म्हणून राहू दिला. आठवड्याभरात चारही रोहू पोट वर करून तरंगले. काकाजींनी आणखी चार आणले, तेही गेले. त्या दिवशी त्यांनी कोणाला न विचारता बाहेर पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद केला. पाणी तुंबलं, रंगाई सहा तास थांबली. प्लांट हेड साहेब स्वतः ईटीपीवर आले आणि चारचौघांत ओरडले. काकाजी म्हणाले, "साहेब, ब्लोअर करून द्या, आत्ता उघडतो." साहेबांनी फिटरकडून उघडवून घेतला.

पुढच्या गुरुवारी तपासणी होती. सोमवारी काकाजींचा दोन महिन्यांपासून पडलेला रजेचा अर्ज, मरळ लागण्याचा संभव वगैरे, कधी नव्हे तो मंजूर झाला. बुधवार-गुरुवार दोन दिवस, पगारी.

मंगळवारी प्लांट हेड साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मला पर्मनंट करण्याचं पत्र होतं, सही व्हायची होती. ते त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं की सहज, हे मला आजही सांगता येणार नाही. "मॅडम, गुरुवार को टंकी में मछली चाहिए," ते म्हणाले. "जिंदा. और शाम तक जिंदा रहनी चाहिए. बताओ, कैसे होगा?"

मी म्हटलं, "मरळ."

कोणी हात पिरगाळला नव्हता. मला नोकरी हवी होती आणि उत्तर येत होतं. उत्तर येत असलं की सांगून टाकायचं ही शाळेपासूनची सवय.

बुधवारी बाजारातून चार मरळ पाण्याच्या टबात जिवंत आल्या आणि टाकीत गेल्या. गुरुवारी तपासणीवाले साहेब आले. एक मरळ सरसर वर आली, तोंड उघडून हवा घेतली आणि परत तळाला गेली. "बहुत ॲक्टिव्ह है," आमचे साहेब कौतुकाने म्हणाले. तपासणीवाल्यांनीही मान हलवली, दोन ओळी लिहिल्या आणि चहा घेतला.

शुक्रवारी काकाजी आले. टाकीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. मी लॅबच्या खिडकीतून पाहत होते. त्यांनी घड्याळ काढून हातात घेतलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे आले. मला वाटलं, आता विचारणार. त्यांनी विचारलं नाही. "चांगल्या हायेत," एवढंच म्हणाले. "बाजारच्या दिसतात." आणि जाऊन नोंदवहीत शेरा लिहिला. तो मला पाठ आहे: 'टाकीत मरळ आहे. मरळ हवा वरून घेते. तिच्या जगण्यावरून पाण्याचे काही समजत नाही. रोहू आठ मेले. एक ब्लोअर बंद.' खाली नेहमीची सही नव्हती, पूर्ण नाव लिहिलं होतं.

ती वही तपासणीवाले कधीही मागू शकतात. दुपारपर्यंत प्लांट हेड साहेबांना कळलं. त्यांनी काकाजींना बोलावून पान बदलायला सांगितलं. काकाजी म्हणाले, मासे बदलले की शेरा बदलतो. मग साहेबांनी मला बोलावलं. "वो पन्ना हटाओ मॅडम. आपकी हँडरायटिंग अच्छी है."

मी पान फाडलं. वही उसवून नवं पान आत बसवलं, त्या दिवसाचे सगळे आकडे सुवाच्य अक्षरात उतरवले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'निरंक.' फाडलेलं पान घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवलं. संध्याकाळी बसमध्ये ती पिशवी माझ्या आणि काकाजींच्या मध्ये होती. ते खिडकीबाहेर पाहत होते आणि नदीचं पाणी यंदा लवकर आटतंय असं काहीतरी सांगत होते. मला इतकी लाज वाटत होती की मी प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते. घरी जाऊन ते पान मी बारीक फाडलं आणि दुधी भोपळ्याच्या सालींबरोबर टाकून दिलं.

शनिवारी फलकावर सूचना लागली. सोमवारपासून काकाजींची बदली स्टोअरमध्ये. रिटायर व्हायला आठ महिने राहिले होते, आणि त्या आठ महिन्यांत पाण्याचं तोंड त्यांना दिसणार नव्हतं. त्यांनी सूचना वाचली, हेल्मेट काढून काखेत घेतलं आणि साहेबांना निरोप पाठवला की टाकीतल्या मरळ नदीत सोडून येतो, गाडी द्या. साहेबांना त्या नकोच होत्या. "सोबत चाला मॅडम," काकाजी मला म्हणाले. "बाटल्याबी घ्या."

बुधवार नव्हता, तरी मी बाटल्या घेतल्या. निळ्या ड्रममध्ये चार मरळ, वर ओलं पोतं. काठी त्यांनी आणली नव्हती. नाला नदीला मिळतो त्या जागी त्यांनी ड्रायव्हरच्या मदतीने ड्रम उतरवला आणि तिथेच ठेवला. पाणी उन्हात चकाकत होतं. वरच्या अंगाला करंजाखाली त्यांचा दगड दिसत होता.

"बाई," ते म्हणाले, "चिठ्ठ्या तुमी लावता. तुमीच सांगा. यायले वर सोडू का खाली?"

मी ड्रममध्ये पाहत राहिले. एक मरळ वर आली, हवा घेऊन गेली. 'वर' म्हटलं असतं तर आमच्या पाण्यात दोन-तीन दिवस काढलेला मासाही स्वच्छ, असा त्याचा अर्थ झाला असता. काकाजींनी वाद घातला नसता, वर नेऊन सोडल्या असत्या. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ते फक्त लिहीत.

"खाली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोघांनी ड्रम उचलून खालच्या अंगाला नेला आणि तिरका केला. मरळ एकामागोमाग पाण्यात गेल्या. काकाजींनी हात धुतले, मिशीला पुसले आणि मला म्हणाले, "भरा बाटल्या. मी बसतो." त्या दिवशी मात्र पाऊण तास लावला नाही.

स्टोअरमध्ये ते आठ महिने बेअरिंगं आणि नटबोल्ट देत बसले. तिथल्या रजिस्टरातही शेऱ्याचा रकाना होता. 'बेअरिंग चार नग दिले. वारा पश्चिमेचा.' निरोपसमारंभाला शाल-श्रीफळ झालं, प्लांट हेड साहेब त्यांच्या निष्ठेवर सात मिनिटं बोलले. काकाजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, "टाकीचं पानी पाहात जा," म्हणाले आणि बसले. हे शब्द चार झाले, असं पर्सोनेलचे साहेब माझ्या कानात म्हणाले. मी हसले नाही.

पुढे मुलाने त्यांना पुण्याला नेलं, काकूंचे गुडघे दुखायचे म्हणून. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. मला वाटलं, संपलं. पण पहिल्याच बुधवारी अकरा वाजता, मी नदीवर बाटली धरून वाकलेली असताना, फोन वाजला.

"पानी कसं हाय?"

"ठीक आहे काकाजी. तुम्ही कसे आहात? तिथे आहे का नदी?"

"हाय म्हनतात. गेलो होतो पाहाले. वापस आलो." मग, "टाकीत काय हाय?"

"मरळ," मी म्हटलं. कारण पुढच्या तपासणीला पुन्हा मरळच आल्या होत्या आणि त्यानंतर कोणी त्या काढल्याच नव्हत्या.

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दर बुधवारी हेच. दोन वर्षं. मी पर्मनंट झाले होते, लग्न झालं, पुढे लॅबची इन्चार्ज झाले. खालच्या बाटलीतल्या घाणीचा आकडा आला की तो जरा खाली ओढून अहवालात लिहायचा, हे हाताला इतकं सवयीचं झालं होतं की त्याचं वाईटही वाटेना. काकाजींना 'रोहू' म्हणून सांगणंही अवघड नव्हतं. पुण्याच्या अकराव्या मजल्यावरून त्यांना बुटीबोरीची टाकी थोडीच दिसणार होती? पण ते जमलं नाही. तपासणीवाल्यांशी मी बिनदिक्कत खोटं बोलत होते आणि या एका रिटायर माणसाला दर बुधवारी खरं सांगत होते: मरळ. तेही रागावत नसत. बरं, म्हणत.

मग तीन बुधवार फोन आला नाही.

पहिल्या बुधवारी मी बाटल्या भरून दहा मिनिटं थांबले. दुसऱ्या बुधवारी पाऊण तास थांबले, करंजाखालच्या दगडावर बसून. तिसऱ्या बुधवारी थांबले नाही. लॅबमध्ये आले, खालची बाटली तपासली आणि जो आकडा आला तोच लिहिला. यात शौर्य काही नाही. एवढंच की त्या दिवशी खरं सांगायला दुसरी जागा नव्हती.

चौथ्या बुधवारी फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि सुनेने फोन काढून घेतला होता. "टाकीत काय हाय?" "मरळ." "बरं."

मी खरे आकडे लिहीत राहिले. तोवर प्लांट हेड नवे आले होते. त्यांनी मला बोलावून विचारलं की पाणी अचानक एवढं कसं बिघडलं. मी म्हटलं, पाणी तेच आहे, आधीचे आकडे बिघडलेले होते, आणि ते मीच लिहिले होते. पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी घरी नवऱ्याला सांगून ठेवलं की माझी नोकरी जाईल. गेली नाही. परदेशी गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला यायची होती, त्या भीतीने म्हणा, दोन नवे ब्लोअर आले. मी ड्रायव्हरला घेऊन नदीवर गेले. गरी टाकणं काही मला जमलं नाही; वरच्या अंगाला मासे धरणाऱ्या एका ढिवर मामांकडून वीतभर चार रोहू मागून आणले, ओल्या पोत्याखाली. मरळ ड्रममध्ये घालून खाली सोडल्या.

मागच्या बुधवारी अकरा वाजता फोन वाजला.

"पानी कसं हाय?"

"बरं आहे."

"टाकीत काय हाय?"

"रोहू," मी म्हटलं.

"किती दिवस झाले?"

"अकरा."

"वर येते का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. "सकाळी सहाच्या सुमारास दोन येतात. थोडा वेळ. मग जातात तळाशी."

"मंग अजून हवा कमी हाय."

"हो. कमी आहे."

"लिवलं का तसं?"

"लिहिलं. शेऱ्यात. सही पण केली, पूर्ण नावानं."

मी बाटली हातात धरून उभी होते. करंजाची पानं पाण्यावरून वाहत खाली चालली होती.

"बरं केलं वं बाई," काकाजी म्हणाले. "आता थे पान फाडू नका."